जंप किक जमिनीवरच ठरते

प्रश्न सोलापुरातल्या एका पालकांचा आहे. मुलगा 13 वर्षांचा, दोन वर्षं तायक्वांदोच्या क्लासला जातो. हल्ली गच्चीवर उड्या मारून किक मारत असतो. लढतीत या किकचा खरंच काही उपयोग असतो की नुसता दिखावा? ती मारायची योग्य पद्धत कोणती? आणि आठवडाभर गुडघ्याच्या खाली दुखतंय म्हणतो, त्याचं काय करायचं?

आधी गच्चीवरचं बंद करा, मग पुढचं वाचा. सरावाला हरकत नाही, हरकत कोब्याला आहे. तीस सेंटिमीटरची उडी मारून खाली येणाऱ्या शरीराला थांबायला जितकी कमी जागा मिळेल, तितका धक्का वाढतो. गुडघे ताठ ठेवून टेकलं की शरीर जेमतेम 5 सेंटिमीटरमध्ये थांबतं आणि पायांवर वजनाच्या सरासरी सातपट भार येतो. घोटा, गुडघा, खुबा तिन्ही दुमडत 20 सेंटिमीटरमध्ये थांबलं तर तोच भार अडीचपट होतो. मुलाचं वजन 45 किलो धरा: एकीकडे 315 किलो, दुसरीकडे 112. हे आकडे सरासरीचे, क्षणिक झटका याहून मोठा असतो. तोही बहुतेक वेळा एकाच पायावर, कारण किक मारून आलेला पाय अजून हवेत असतो. कोबा आणि शहाबादी फरशी स्वतः तसूभरही दबत नाहीत, त्यामुळे थांबवण्याचं सगळं काम पायांवर, त्यातही गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधावर पडतं. आता तेराव्या वर्षी रोज संध्याकाळी अशा पन्नास उड्या मोजा. दुखणं कुठून आलं ते वेगळं सांगायला नको.

आता हवेत काय होतं ते पाहू, कारण निम्म्या चुका तिथल्या गैरसमजातून येतात.

पाय जमिनीवरून सुटला की शरीराचा गुरुत्वमध्य कोणत्या वाटेने जाणार हे ठरून गेलेलं असतं. हवेत कितीही हातपाय मारले तरी ती वाट बदलत नाही. उडी किती उंच, किती पुढे आणि शरीराला गिरकी किती, या तिन्ही गोष्टी जमिनीकडूनच घ्याव्या लागतात. हवेत फक्त मिळालेल्याची वाटणी करता येते. हात छातीशी घेतले की गिरकीचा वेग वाढतो, पसरले की कमी होतो. एक पाय जोरात वर गेला की बाकीचं शरीर त्याच्या उलट फिरतं. म्हणून चांगल्या किकमध्ये एक पाय वर जाताना दुसरा खाली येतो, कात्रीच्या पात्यांसारखा. दुसरा पाय तसाच लोंबकळत राहिला तर ती भरपाई धड करतं, म्हणजे धड पुढे वाकतं, तोल जातो आणि मुलगा आपटतो. ‘पुढे वाकू नकोस’ असं त्याला कितीही ओरडून सांगा, उपयोग नाही. दुरुस्ती पाठीची नसून दुसऱ्या पायाची असते.

दोन्ही पाय पोटाशी घेतलेला फोटो भारी दिसतो, पण पाय दुमडल्याने उडी उंच होत नाही. तळवे वर जातात, गुरुत्वमध्य होता तिथेच राहतो.

वेळेचं गणितही पाठ असावं. तीस सेंटिमीटरच्या उडीत हवेतला एकूण वेळ साधारण 0.49 सेकंद, चाळीसच्या उडीत 0.57 सेकंद. उंची 10 सेंटिमीटरने वाढली तरी वेळ सेकंदाच्या बाराव्या हिश्शाएवढाच वाढला. मात्र यातला बरोबर अर्धा वेळ शरीर उडीच्या वरच्या एक चतुर्थांश भागात असतं. माणूस वर ‘थांबल्यासारखा’ दिसतो तो यामुळे. किक लागायची ती याच वेळात, म्हणजे चाळीस सेंटिमीटरच्या उडीत सुमारे 0.29 सेकंदांत. गुडघा जमिनीवरून सुटतानाच वर आलेला असेल तर हा वेळ भरपूर आहे. आधी उडायचं आणि मग गुडघा उचलायचा असं केलं, तर पाय सरळ होईस्तोवर शरीर खाली निघालेलं असतं. अशी किक दिसायला पूर्ण असते, पण लागते उताराला, आणि पाय आवरून घ्यायच्या आत जमीन येते. नवशिक्यांच्या बहुतेक बिघडलेल्या किकमागे हेच एक कारण असतं.

जोराबद्दलही एक गैरसमज आहे. उडी मारली म्हणजे किक जास्त जोरात लागते असं नाही. जमिनीवरच्या किकमध्ये टेकलेला पाय जमिनीला रेटतो आणि तो रेटा खुब्यातून लक्ष्यापर्यंत जातो. हवेत रेटायला काहीच नसतं. जागच्या जागी सरळ वर उडून मारलेली किक त्याच माणसाच्या जमिनीवरच्या किकपेक्षा हलकीच पडते. जोर येतो तो पुढे जाण्याच्या वेगातून. धावत येऊन मारलेल्या साइड किकमध्ये अख्खं शरीर टाचेच्या मागे असतं, म्हणून ती माणसाला मागे फेकते. त्यासाठी टाच, गुडघा आणि खुबा पुढे जाण्याच्या रेषेतच असायला हवेत. रेषा चुकली किंवा टाच गुरुत्वमध्याच्या बरीच वर लागली, तर समोरच्याऐवजी मारणाराच फिरून पडतो.

तर मग उपयोग काय? मुख्य उपयोग अंतराचा. उंचीचा नंबर त्याच्या बराच मागे लागतो. समोरचा तुमच्या किकच्या टप्प्याबाहेर उभा आहे. एक पाऊल टाकून किक मारली तर दोन ठोके होतात आणि पहिल्या ठोक्यालाच तो सावध होतो. पुढे झेपावत मारलेली किक पाऊल आणि किक एकाच ठोक्यात उरकते. दुसरा उपयोग फसवण्याचा: पहिला गुडघा वर आला की समोरच्याचे हात तिकडे खाली जातात, आणि खरी किक दुसऱ्या पायाने वरून येते. बाकी कुणी पायाला झाडू मारत असेल, म्हणजे खालून पाय फिरवून तुमचा पाय उडवत असेल, तेव्हा पाय उचलणं, मागे सरकणाऱ्याचा पाठलाग, असे किरकोळ प्रसंग.

किंमतही मोठी आहे. हवेतल्या अर्ध्या सेकंदात दिशा बदलता येत नाही, आणि डोळ्याने पाहून हालचाल सुरू करायला माणसाला साधारण 0.2 सेकंद पुरतात. समोरचा नुसता अर्धं पाऊल बाजूला झाला की तुम्ही त्याच्यासमोर एका पायावर उतरता. म्हणून उडीआधी खाली बसणं, हात मागे झोकणं, लक्ष्याकडे टक लावणं हे सगळं म्हणजे पत्र पाठवून भेटीला जाणं. हाताच्या झोक्याने उंची वाढते हे खरं, पण लढतीत तो झोका परवडत नाही. हात गार्डमध्येच, म्हणजे बचावासाठी समोर धरलेले राहतात आणि तेवढी उंची सोडून द्यावी लागते.

गुणांचा हिशेबही समजून घ्या, कारण मुलांचा घोळ इथे होतो. पॅरिस 2024 ऑलिम्पिकच्या नियमांत धडाला साध्या किकचे 2, डोक्याला 3, आणि फिरून मारलेल्या किकचे अनुक्रमे 4 आणि 5 गुण होते. जादा गुण फिरण्याचे होते, उडीचा स्वतंत्र गुण नव्हता. उलट किक मारून पडलात तर गाम-जोम, म्हणजे गुण समोरच्याला. त्यामुळे स्पॅरिंगमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, दिसणाऱ्या उड्या बहुतेक बुटक्या असतात, जमिनीपासून वीतभर, पण लांब. उंच उडीला मान मिळतो तो फ्रीस्टाइल पूमसेमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याशिवाय एकट्याने सादर करायच्या प्रकारात. तिथे उडत्या साइड किकची उंची, एका उडीतल्या फ्रंट किकची संख्या आणि गिरकीचे अंश यांनाही गुण असतात. कराटेत कांकू दाई या काताच्या (ठरलेल्या हालचालींच्या क्रमाच्या) शेवटाकडे निदान गेरी ही दुहेरी उडती किक येते, उन्सू या दुसऱ्या कातात गिरकीची उडी येते. चिनी वूशूच्या प्रकारांत तर उड्या जागोजागी आहेत. घोडेस्वाराला खाली पाडण्यासाठी या किक निघाल्या ही क्लासमध्ये सर्रास सांगितली जाणारी गोष्ट मात्र गोष्ट म्हणूनच ऐकावी. स्वाराची छाती जमिनीपासून दोन मीटरच्या आसपास असते आणि घोडा उभा राहून वाट पाहत नाही. पायदळाकडे त्यासाठी भाले होते.

म्हणजे नुसता दिखावा नाही, पण रोजचं हत्यारही नाही. तेराव्या वर्षी ती शिकण्याचा सर्वात मोठा फायदा वेगळाच आहे: रेटा, तोल आणि उतरणं या तीन गोष्टी शरीराला कळतात, आणि त्यामुळे जमिनीवरच्या किकही सुधारतात.

शिकायला पहिली फ्रंट किक, ट्वियो आप चागी. डावा पाय पुढे, उजवा मागे, हात गार्डमध्ये. वजन डाव्या पायाच्या चवड्यावर घ्या आणि मागचा उजवा गुडघा सरळ वर छातीकडे झोका. हा गुडघाच उडीचं इंजिन आहे. तो कमरेच्या वर येत असतानाच डाव्या चवड्याने जमीन रेटायची. घोटा, गुडघा, खुबा तिन्ही पूर्ण सरळ झाल्याशिवाय पाय सुटता कामा नये. आता उजवा पाय खाली यायला लागतो आणि त्याच क्षणी डावा गुडघा वर येऊन किक सुटते, बोटं मागे ओढून चवड्याने. पाय लगेच दुमडून परत घ्यायचा. जमिनीला आधी टेकतो तो उजवा पाय, चवड्याकडून टाचेकडे. डावा नंतर पुढे उतरतो. म्हणजे ज्या पायाने उडालात त्यानेच मारायचं आणि दुसऱ्यावर उतरायचं. हे एकदा डोक्यात बसलं की पायांचा गोंधळ संपतो. पॅडपासूनचं, म्हणजे किक मारायच्या गादीपासूनचं अंतर साध्या किकपेक्षा 50-60 सेंटिमीटर जास्त ठेवा. जवळ उभं राहिलं की मुलं आपोआप सरळ वर उडतात आणि पुढे झेपावणं शिकतच नाहीत.

उडती साइड किक, ट्वियो योप चागी, हिची गंमत धावण्यात आहे, आणि मुलांना नेमकं तेच नको असतं. तीन ते पाच पावलं पुरतात. वीस पावलं धावून येणारा मुलगा शेवटी ब्रेकच मारतो. लांब उडीत असतं तसंच इथे: शेवटून दुसरं पाऊल जरा लांब आणि खाली बसतं, शेवटचं आखूड आणि झटपट. त्या आखूड पावलानेच पुढचा वेग थोडा वर वळतो. दोन्ही पावलं सारखी पडली तर उडी सपाट जाते. शेवटचं फार लांब पडलं तर टाच रुतते आणि सगळा वेग तिथेच मरतो. उजव्या पायाने मारायचं तर रेटा डाव्याचा. उजवा गुडघा वर घेताना खुबा पॅडकडे फिरवा, डावा पाय खाली दुमडून घ्या आणि टाच सरळ रेषेत ढकला. पॅडपासून सुमारे दीड मीटरवरून उडायला सुरुवात करा आणि मुलाच्या उंचीप्रमाणे, वेगाप्रमाणे अंतर बदला. गुडघा पूर्ण ताठ होण्याच्या किंचित आधी टाच लागली पाहिजे. ताठ झाल्यावर लागली तर झटका उलटा गुडघ्यात येतो. हवेत चुकूनही ताठ झटकू नका, विशेषतः पॅड हुकला तेव्हा. डावा पाय आधी उतरतो, आणि उतरताना डाव्या पायाची बोटं व गुडघा एकाच दिशेला असायला हवेत. खुबा फिरलेला, पाऊल अडकलेलं आणि गुडघा आत पडलेला, या तीन गोष्टी एकत्र आल्या की गुडघ्यातला पुढचा क्रूसीय अस्थिबंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो तुटू शकतो. समोरच्याचा साधा धक्काही त्याला लागत नाही.

फिरून मारायची टॉर्नेडो, डोल्गे चागी, या दोन्ही जमल्याखेरीज सुरू करू नये. उजवा पाय पुढे ठेवून डाव्या खांद्यावरून मागे वळायचं. आधी मान, मग खांदे, मग खुबा. डावा गुडघा फिरत वर झोकला की उजव्याने उडायचं, उजव्यानेच राउंड किक आणि डाव्यावर उतरायचं. गिरकी जमिनीवरूनच घ्यायची असल्याने उजवा चवडा मोकळा फिरला पाहिजे. मॅटला बूट किंवा घामट तळवा चिकटला तर शरीर फिरतं, पाऊल फिरत नाही, आणि पीळ गुडघ्याला बसतो. नजर आधी लक्ष्यावर पोचली नाही तर किक नेहमी लक्ष्याच्या पलीकडे जाते.

यापैकी काहीही सुरू करण्याआधी चार गोष्टी तपासा. जमिनीवरची फ्रंट आणि साइड किक कमरेइतकी उंच, आणि दुमडलेला पाय वर 3 सेकंद स्थिर. एका पायावर हळू बसत खुर्चीला टेकून परत उठणं, दोन्ही पायांनी 5-5 वेळा. 20-30 सेंटिमीटर उंचीच्या पायरीवरून उतरणं, आवाज न करता. आणि 10 मीटर लंगडी, गुडघा आत न पडता. लंगडीला हसू नका. एका पायावर उतरण्याचा यापेक्षा स्वस्त सराव नाही, आणि आपल्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीमच्या पवित्र्यांत बसून उठणाऱ्या पोरांच्या मांड्याही या कामाला तयारच असतात.

सरावाचं प्रमाण आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान 48 तास. तेरा वर्षांच्या मुलाला एका वेळी 40 ते 60 वेळाच जमिनीवर उतरू द्या, आणि त्यात दोरीवरच्या उड्या वगळता सगळं मोजा. एका सेटमध्ये 3 ते 5 किक, मग मिनिटभर विश्रांती. दहा-बारा मिनिटांच्या वॉर्मअपनंतर लगेच हा भाग घ्यावा. स्पॅरिंगनंतर दमलेल्या पायांवर, क्लासच्या शेवटी ‘आता मजा म्हणून फ्लाइंग किक’ ही पद्धत जवळपास सगळीकडे आहे आणि दुखापती तिथेच होतात. पहिले दोन आठवडे पॅड नकोच, नुसतं उडणं आणि उतरून 2 सेकंद स्थिर राहणं. डोललात तर ती किक मोजायची नाही.

पॅड धरणारा शिकलेला हवा. किक लागताच त्याने पॅड वीतभर मागे जाऊ द्यायचं. पुढे ढकललं तर हवेतला मुलगा पाठीवर जातो. लांबीसाठी मध्ये अडथळा ठेवायचा तर जमिनीवर ओणवी बसलेली मुलं ठेवू नका, प्रात्यक्षिकात कितीही टाळ्या पडल्या तरी. आपल्या सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी ठेवा, पाय लागला तरी कुणाला इजा नाही. चादर पसरून तिच्यावर उतरायचं मात्र नाही. फरशीवर ती सरकते.

जागेबद्दल. ईव्हीए (फोमची) मॅट 25 मिलिमीटरची असली तरी चालते, पण खाली फरशी असेल तर 40 बरी. सांधे उघडे पडलेले नकोत, घोटा तिथेच मुरगळतो. क्लासला मॅट नसेल तर लांब उडीचा वाळूचा खड्डा उतरण्यासाठी उत्तम, आणि उडण्यासाठी त्याच्या काठची घट्ट जमीन. तालमीतल्या हौद्याची माती उतरायला फार चांगली, पण तिच्यातून उडताना रेटा मातीच खाते, म्हणून तिथे फक्त उतरण्याचा सराव. वस्तादांना विचारूनच, आणि बूट बाहेर काढून. मोकळ्या मैदानावरची काळी माती पावसाळ्यानंतर काही आठवडे छान असते. मार्च उजाडला की ती दगड होते आणि भेगांत पाऊल अडकतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उड्या नकोत. सकाळी साडेसातच्या आत उरका. धूळ इथे बारमाही, तेव्हा मॅट दर वेळी ओल्या फडक्याने पुसून कोरडी होऊ द्या. धुळीचा पातळ थरही पाय घसरवतो.

शेवटी गुडघा. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो हाडाचा उंचवटा असतो, तिथेच बोटाने दाबून दुखत असेल, उडीनंतर वाढत असेल आणि विश्रांतीने कमी होत असेल, तर वाढीच्या वयात दिसणारं ऑस्गुड-श्लॅटर नावाचं दुखणं असण्याची शक्यता जास्त. हाड झपाट्याने वाढत असतं आणि मांडीचा स्नायू नेमका तिथे ओढत असतो. यात पाय प्लास्टरमध्ये घालत नाहीत, उड्या कमी करतात. दोन ते तीन आठवडे उड्या आणि खोल बैठका बंद, जमिनीवरच्या हलक्या किक चालू, सरावानंतर 10-15 मिनिटं फडक्यात गुंडाळलेला बर्फ, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचं हळू ताणणं, दुखेल इतकं नाही. परत सुरू करताना 15-20 उड्यांपासून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं नाही तरच वाढवायचं. पण गुडघा सुजला असेल, अडकत असेल, चालताना दगा देत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल किंवा मुलगा लंगडत असेल, तर तीन आठवडे थांबू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना त्याच आठवड्यात दाखवा, आणि क्लासच्या सरांनाही सांगा. नाहीतर बेल्ट परीक्षेच्या आठवड्यात तो गुपचूप उड्या मारणारच.